हातउसने दिवस : परतून येणारी थंडी आणि तिच्या लोककथा

लोककथांमध्ये महिन्यांना माणसांसारखे स्वभाव असतात, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या व बाल्कन प्रदेशातल्या कथांमध्ये मार्च हा सर्वांत मानी, लहरी आणि डूख धरणारा महिना मानला जातो. थंडी सरली असे म्हणून कोणी त्याला हिणवले, तर तो अपमान तो मुकाट्याने गिळत नाही. त्याची मुदत संपत आली असली, तरी शेजारच्या महिन्याकडून दोन-तीन दिवस हातउसने घेऊन तो तेवढ्या वेळात वारा, बर्फ आणि गारठा यांनी हिशेब चुकता करतो. वसंताच्या तोंडावर परतून येणाऱ्या थंडीचे हे स्पष्टीकरण ‘उसने दिवस’ या अर्थाच्या निरनिराळ्या नावांनी स्कॉटलंडपासून लेबनॉनपर्यंत आणि अल्जीरियाच्या डोंगरांपासून बाल्कनपर्यंत ओळखले जाते. या प्रदेशांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे आणि पंचांगेही वेगळी. कथेचा सांगाडा मात्र सगळीकडे जवळजवळ तोच राहतो. हिवाळा संपल्याचे कोणीतरी घाईने जाहीर करते, महिना ते ऐकतो, दिवस उसने आणतो, आणि बोलणाऱ्याला त्या शब्दांची किंमत मोजावी लागते.

म्हातारी, करडे आणि मानी महिना

या कथेचे सर्वांत पसरलेले रूप डोंगरात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या एका म्हातारीचे आहे. हिवाळाभर तिने कळप गोठ्यात जगवलेला असतो, साठवलेला वाळका चारा तळाला गेलेला असतो आणि शेळ्या नुकत्याच व्यालेल्या असतात. मार्चअखेर चार दिवस ऊन पडते, तेव्हा ती कळप घेऊन बाहेर निघते आणि मार्चला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते, की तुझे दिवस संपले, माझे एकही करडू दगावले नाही, आता तू माझे काय वाकडे करणार? मार्च एप्रिलच्या दारी जातो, तीन दिवस मागून आणतो, आणि त्या तीन दिवसांत म्हातारी कळपासकट गारठून मरते किंवा जागच्या जागी शिळा होऊन बसते.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात ही म्हातारी एकदा नव्हे, दोनदा फसते. पहिल्यांदा ती फेब्रुवारीला हिणवते. तो मार्चकडून तीन दिवस घेऊन तिच्या मेंढ्या मारतो. मग ती मेंढ्यांऐवजी गाई पाळते आणि मार्च संपता संपता पुन्हा तीच बढाई मारते, तेव्हा मार्च आपल्या अखेरच्या तीन दिवसांना एप्रिलचे चार दिवस जोडून गाईही नेतो. अल्जीरियाच्या काबिली डोंगरांत हाच व्यवहार ‘यन्नायेर’ आणि ‘फुरार’, म्हणजे तिथल्या शेतीच्या पंचांगातले जानेवारी आणि फेब्रुवारी, यांच्यात होतो, आणि ज्या दिवसाची देवघेव होते त्याला ‘कर्ज’ या अर्थाचे ‘अमेर्दिल’ हे नाव आहे. स्कॉटलंडच्या कथेत म्हातारीच्या जागी टेकडीवर चरणारी तीन मेंढरे येतात. मार्चने उसन्या घेतलेल्या तीन दिवसांपैकी पहिला वाऱ्या-पावसाचा, दुसरा हिमवर्षावाचा आणि तिसरा गोठवणाऱ्या कडाक्याचा असतो, पण स्कॉटिश मेंढरे चिवट निघतात आणि अखेर लंगडत का होईना घरी परततात. १५४९ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘द कंप्लेंट ऑफ स्कॉटलंड’ या राजकीय ग्रंथातही फळझाडांचा मोहोर झोडपणाऱ्या मार्चच्या या तीन उसन्या दिवसांचा उल्लेख येतो, म्हणजे तोवर ही कल्पना फोड करून सांगावी लागू नये इतकी रुळलेली होती.

इटलीत म्हातारीऐवजी एक पक्षी आहे. तिथे जानेवारीचे शेवटचे तीन दिवस, २९ ते ३१, हे ‘काळ्या कस्तुरिकेचे दिवस’ म्हणून ओळखले जातात. एके काळी हा पक्षी पांढराशुभ्र होता आणि जानेवारी केवळ २८ दिवसांचा होता. अठ्ठावीस दिवस घरट्यात दडून राहिलेली मादी थंडी टळली म्हणून बाहेर येऊन गाऊ लागली, तेव्हा चिडलेल्या जानेवारीने फेब्रुवारीकडून तीन दिवस घेतले, आणि तिने ते तीन दिवस एका धुराड्यात काढले, ते ती कायमची काळी होऊनच बाहेर पडली. फेब्रुवारी तोकडा का आणि पक्षी काळा का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कथा एका दमात देते. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या दुसऱ्या खंडात सिएना नगरातल्या एका गर्विष्ठ स्त्रीला थोड्याशा उघडिपीने चढून गेलेल्या याच पक्ष्याची उपमा दिली आहे.

निखारे विझवणारा दिवस

अरबी परंपरेत या काळाला ‘म्हातारीची थंडी’ आणि ‘म्हातारीचे दिवस’ असे म्हणतात. भारताच्या वर्णनामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या अल्-बेरुनीने इ. स. १००० च्या सुमारास प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या दिवसांची नोंद आहे: ते फेब्रुवारीच्या २६ तारखेला सुरू होतात, सात असतात आणि मार्चमध्ये शिरून संपतात. सातही दिवसांना स्वतंत्र नावे आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्याचे नाव ‘निखारे विझवणारा’ असे आहे. या नावाचा एक अर्थ असा लागतो, की थंडी इतकी पडते की शेकोटीही तग धरत नाही; दुसरा अर्थ असा, की या दिवसानंतर शेकोटीची गरजच उरत नाही.

हिवाळा गेला असे समजून अंगावरचे उबदार वस्त्र काढून टाकणारी आणि त्या थंडीत मेलेली म्हातारी इथेही आहे. मात्र तिच्या जन्माविषयी अरबी कोशकारांनी एक मार्मिक पर्याय सुचवला आहे. अरबीत ‘अजूझ’ म्हणजे म्हातारी आणि त्याच धातूपासून आलेला ‘अज्झ’ म्हणजे मागचा भाग किंवा शेवट, त्यामुळे ‘हिवाळ्याच्या शेपटाचे दिवस’ हे मूळचे साधे नाव उच्चाराच्या जवळिकीमुळे ‘म्हातारीचे दिवस’ झाले असावे आणि मग त्या नावाला शोभेल अशी म्हातारी कथेत आणून बसवली गेली असावी. हे स्पष्टीकरण अरबीपुरते पटण्यासारखे असले, तरी ज्या भाषांमध्ये असा श्लेष संभवत नाही तिथेही म्हातारीच का, याचे उत्तर त्याने मिळत नाही. सरत्या वर्षाला आणि सरत्या ऋतूला म्हाताऱ्या माणसाचे रूप देण्याची कल्पना शब्दांच्या योगायोगाहून जुनी आणि अधिक पसरलेली आहे.

नऊ अंगरख्यांची सासू

रोमानियातल्या ‘बाबा दोकिया’च्या कथेत म्हातारी एक खाष्ट सासू होते. ‘बाबा’ म्हणजे तिथल्या भाषेत म्हातारी, आणि ‘दोकिया’ हे नाव १ मार्च हा जिचा स्मृतिदिन असतो त्या संत युदोकियावरून आले आहे. दोकिया सुनेला काळी लोकर नदीवर नेऊन पांढरी होईपर्यंत धुवायला लावते, तर दुसऱ्या एका रूपात फेब्रुवारी सरत असताना रानातून पिकलेली फळे आणायला पिटाळते. सुनेला दैवी साहाय्य मिळते आणि ती फळे किंवा फुले घेऊन परत येते. ती पाहून वसंत आला अशी दोकियाची समजूत होते आणि ती कळप घेऊन डोंगराकडे निघते. तिच्या अंगावर लोकरी कातड्याचे नऊ अंगरखे असतात, काही ठिकाणी बारा. चढताना ऊन लागते तसा ती रोज एक अंगरखा काढून टाकते आणि शेवटचा काढल्यावर हिमवृष्टी सुरू होते. चाहलाव पर्वतावरचा एक खडक तिचा आणि भोवतालचे दगड तिच्या मेंढ्यांचे म्हणून दाखवले जातात.

१ ते ९ मार्च या नऊ दिवसांना रोमानियात ‘म्हाताऱ्या’ असेच म्हणतात. त्यांतला एक दिवस आधीच आपला म्हणून निवडायचा आणि त्या दिवशी जशी हवा असेल तसे आपले वर्ष जाईल असे मानायचे, अशी तिथे रीत आहे. शेजारच्या बल्गेरियात ‘बाबा मार्ता’ ही मार्च महिन्याचीच म्हातारी आहे. ती हसली की ऊन पडते आणि रुसली की बर्फ. तिची मर्जी राखण्यासाठी १ मार्चला लाल-पांढऱ्या धाग्यांचे गोंडे एकमेकांना बांधतात आणि पहिला करकोचा किंवा पहिले मोहरलेले झाड दिसेपर्यंत ते अंगावर वागवतात. रोमानिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसिडोनिया या चार देशांच्या या प्रथेचा युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. धागा कधी काढायचा हे दिनदर्शिका ठरवत नाही, तर झाड किंवा पक्षी ठरवतो, हा या प्रथेतला सर्वांत सुज्ञ भाग आहे.

तारखा सरकल्या, कथा राहिल्या

या दिवसांच्या तारखा आज छापील दिनदर्शिकेवर शोधल्या, तर त्या मूळच्या जागी सापडत नाहीत. ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेले ज्युलियन पंचांग वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरत असे. ऋतूंचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असल्यामुळे दर १२८ वर्षांनी सुमारे एका दिवसाचा फरक साचत गेला. दिवस-रात्र समसमान असण्याचा वसंतातला विषुवदिन त्यामुळे सोळाव्या शतकात २१ मार्चऐवजी १०-११ मार्चच्या आसपास येऊ लागला. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस गाळून ही चूक सुधारली. ब्रिटनने ती सुधारणा १७५२ मध्ये अकरा दिवस गाळून, बल्गेरियाने १९१६ मध्ये आणि रोमानियाने १९१९ मध्ये स्वीकारली.

प्रत्येक वेळी लोकांनी सणांची नावे नव्या तारखांवर आणली, पण हवामानाने आपली जागा सोडली नाही. स्कॉटलंडमधले मार्चचे जुने अखेरचे तीन दिवस आजच्या हिशेबाने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पडतात. दोकियाच्या बाबतीत तर हा हिशेब विशेष बोलका ठरतो. जुन्या पंचांगातले तिचे नऊ दिवस सोळाव्या शतकात जवळजवळ विषुवदिनापाशीच संपत असत, म्हणजे तिचा शेवटचा अंगरखा हिवाळ्याच्या खगोलीय सीमेवरच उतरत असे. नव्या पंचांगात तेच दिवस विषुवदिनाच्या दहा-बारा दिवस आधी संपतात, त्यामुळे ‘म्हाताऱ्या’ सरल्यावरही थंडी का रेंगाळते या तक्रारीचे निदान एक कारण पंचांगात आहे. मकरसंक्रांतीच्या बाबतीत मराठी वाचकाला अशीच सरक परिचित आहे, कारण उत्तरायणाचा खरा आरंभ २१-२२ डिसेंबरला होत असला, तरी तिळगूळ वाटला जातो तो जानेवारीच्या मध्यावर. तिथे कारण निराळे आहे, ते म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या संथ गतीमुळे नक्षत्रे आणि ऋतू यांच्यात पडत जाणारे अंतर. परंतु नाव एका जागी आणि ऋतू दुसऱ्या जागी, हा परिणाम सारखाच.

थंडी परत का येते

कथेतली म्हातारी फसते ती मूर्ख आहे म्हणून नव्हे, तर सूर्य तिला खोटी साक्ष देतो म्हणून. १ मार्चला सूर्य आकाशात जितका वर चढतो, तितकाच तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो; तरीही ऑक्टोबरची हवा ऊबदार आणि मार्चची गार असते, कारण जमीन आणि विशेषतः समुद्र यांना तापायला आणि निवायला वेळ लागतो. या दिरंगाईला औष्णिक विलंब म्हणतात. भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र यांचे पाणी डिसेंबरात नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड असते. वारा पडलेल्या दुपारी उन्हात बसणाऱ्याला ऑक्टोबरचे ऊन मिळते, पण वारा समुद्रावरून किंवा उत्तरेकडून वाहू लागला, की अंगावर येतो तो उरलेला हिवाळा.

दुसरे कारण आकाशात उंचावर आहे. वसंतात दक्षिणेकडची जमीन झपाट्याने तापू लागलेली असते, पण उत्तर ध्रुवाकडचा थंड हवेचा साठा अजून संपलेला नसतो. या दोहोंच्या सीमेवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वेगवान वाऱ्याला जेट प्रवाह म्हणतात. तो नदीसारखी वळणे घेतो, आणि एखादे वळण दक्षिणेला खोल उतरले की ध्रुवीय हवा थेट भूमध्य समुद्रापर्यंत येते. त्याच सुमारास उच्च दाबाचे एखादे क्षेत्र अटलांटिकवर ठाण मांडून बसले, तर पश्चिमेची दमट व सौम्य हवा अडते आणि उत्तरेचा वारा कित्येक दिवस चालू राहतो. त्यातच रात्र निरभ्र आणि निवांत असेल, तर जमिनीची उष्णता अडवणारे ढग नसल्यामुळे पहाटेपर्यंत गवताच्या पात्यांवर हिमकण धरतात. दुपारी अंगरखा काढावासा वाटणे आणि पहाटे कोकरू गारठणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच दिवसात घडू शकतात.

अशी लाट ठरावीक तारखांना येते काय, हे तपासण्याचा प्रसिद्ध प्रयत्न अलेक्झांडर ब्यूकन या स्कॉटिश हवामानशास्त्रज्ञाने केला. स्कॉटलंडमधल्या काही वर्षांच्या नोंदी अभ्यासून त्याने १८६९ मध्ये असे दाखवले, की वर्षभरातला तापमानाचा चढ-उतार सरळ रेषेत न होता त्यात सहा थंड टप्प्यांचा खोडा पडतो. त्यांपैकी एक एप्रिलच्या मध्याआधी, ११ ते १४ तारखांच्या सुमारास, आणि दुसरा ९ ते १४ मे या काळात येतो. हे टप्पे ‘ब्यूकनचे शीतकाल’ म्हणून ब्रिटनमध्ये इतके लोकप्रिय झाले, की लोक त्यांच्याकडे भविष्य म्हणूनच पाहू लागले. दीर्घ काळाच्या नोंदी हाती आल्यावर मात्र या तारखा टिकल्या नाहीत. वसंतात थंडी परतते हे खरे, पण कोणत्या दिवशी हे आधी सांगता येत नाही.

तक्रार आणि दृष्ट

लोककथेने हे अनिश्चितपण ओळखले होते, असे तिच्या रचनेवरूनच म्हणावे लागते. हातउसने घेतलेल्या गोष्टीची लिखापढी नसते. ती कधी मागितली जाईल आणि किती मागितली जाईल हे आधी ठरत नाही. प्रदेशागणिक तीन, चार, सात किंवा नऊ असे दिवस बदलतात, देणारा आणि घेणारा महिना बदलतो, आणि हा सैलपणाच कथेला खोटे पडू देत नाही. जानेवारीतली थंडी कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण तिची अपेक्षाच असते. मोहोर आल्यावर पडलेली थंडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

या कथांमध्ये शिक्षा कोणाला होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. थंडीविषयी कुरकुर करणाऱ्याला महिना कधीच धरत नाही. तो धरतो हिवाळा संपला म्हणून मिरवणाऱ्याला. त्यामुळे वसंतातली तक्रार ही या परंपरेत एक प्रकारची सावधगिरी ठरते. बाळ गुटगुटीत आहे असे तोंडभर बोलणाऱ्याला मराठी घरात कोणीतरी लगेच गप्प करते आणि बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली जाते. ‘हवा छान आहे, पण टिकायची नाही’ या वाक्यातला ‘पण’ ही तशीच तीट आहे.

महाराष्ट्रात हीच सावधगिरी वेगळ्या धोक्याभोवती गुंफलेली आहे. होळीच्या आगीबरोबर थंडी जाते असे इथे मानतात, आणि ती गेल्याचे कोणाला फारसे दुःखही नसते. फाल्गुन-चैत्रातली खरी धास्ती असते ती अवकाळी पावसाची आणि गारांची, कारण तेव्हा गहू-हरभरा खळ्यावर आणि द्राक्षे वेलीवर असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागात झालेल्या गारपिटीने हातातोंडाशी आलेला रब्बी हंगाम झोडपून काढला. ज्याची भीती तेच ऋतूच्या नावावर चिकटते. म्हणून मेंढपाळांच्या प्रदेशात ‘उसने दिवस’ हा शब्द घडला आणि मराठीत ‘अवकाळी’ हा.

तापत्या हवामानात यूरोपची जुनी कथा मोडीत निघेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. घडले ते उलटे. २०२१ च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये असामान्य ऊब पडली, द्राक्षवेलींचे डोळे फुटले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली गेला. सुप्त कळी कडक थंडीतही टिकते, पण उमललेली कोवळी फूट उणे २-३ अंशांतच करपते. शेतकऱ्यांनी रात्रभर वेलींच्या ओळींमधून हजारो मोठ्या मेणबत्त्या आणि शेकोट्या पेटवल्या, तरी नुकसान प्रचंड झाले. त्यानंतरच्या वैज्ञानिक विश्लेषणातून असे दिसले, की तापमानवाढीमुळे एप्रिलच्या थंड रात्रींची तीव्रता कमी झाली आहे, पण वेली त्याहून अधिक लवकर फुटू लागल्या आहेत, आणि म्हणून कोवळी फूट थंडीत सापडण्याची शक्यता वाढली आहे. अंगरखे भराभर उतरवणारी दोकिया आता डोंगरावर नाही, द्राक्षमळ्यात आहे.

मळेवाल्यांकडे यावर एक जुना उपाय आहे. हिवाळ्यातच उरकता येणारी छाटणी ते मुद्दाम लांबवतात, कारण छाटणी उशिरा झाली की वेल काही दिवस उशिरा फुटते. हवा कितीही ऊबदार असली, तरी कात्री खुंटीवरच राहते, आणि वेलीला तिचा शेवटचा अंगरखा आणखी आठवडाभर उतरवू दिला जात नाही.